स्थूलता, स्नायू आणि व्यायाम: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

वजन ९० किलो. ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालणं, आठवड्यातून पाच दिवस. महिनाभर इमानेइतबारे चालल्यावर वजनकाट्यावर उभं राहिलं तर आकडा जवळपास तोच दिसतो, कधी २०० ग्रॅमने वाढलेलाही दिसतो. बहुतेकांचा व्यायाम इथेच सुटतो.

आता याचा हिशोब मांडू. त्या अर्ध्या तासात शरीर साधारण १५५ किलोकॅलरी वापरतं. नुसतं बसून राहिलं असतं तरी त्यातल्या ४५ खर्च झाल्याच असत्या, म्हणजे जास्तीचा खर्च ११० च्या आसपास. महिन्याला तो होतो २२०० किलोकॅलरी. एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी असतात. तेव्हा खाणं अजिबात न बदलता महिन्यात घटलेली चरबी ३०० ग्रॅमपेक्षा कमीच भरते. त्याच काळात स्नायू आपला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वाढवायला लागतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. साठा १०० ग्रॅमने वाढला की वजन ४०० ग्रॅमने वाढलं. चरबी कमी झालेली असूनही काटा वर सरकतो तो यामुळे.

मात्र याच महिन्यात स्नायूच्या आत खूप काही बदललेलं असतं, आणि मधुमेहाचा धोका कमी होण्याच्या दृष्टीने तोच बदल महत्त्वाचा आहे. तो नेमका काय असतो आणि व्यायाम कसा आखला की तो टिकतो, ते आता पाहू.

स्थूलतेत स्नायूचं काय बिघडतं

स्थूल व्यक्तीचे स्नायू कमकुवत असतात हा समज सरसकट खरा नाही. दिवसभर जास्त वजन पेलल्यामुळे पायांच्या स्नायूंचं आकारमान बहुतेक वेळा सडपातळ माणसापेक्षा जास्तच असतं. शरीराच्या वजनाच्या मानाने ताकद कमी पडते, ही वेगळी गोष्ट. खरी अडचण असते इंधनाच्या व्यवहारात.

जेवणानंतर रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेपैकी ७० ते ८० टक्के साखर हाडांना जोडलेले स्नायूच घेतात. इतकं मोठं गिऱ्हाईक शरीरात दुसरं नाही. साखर आत घेण्याचं काम ग्लुट-४ नावाचं प्रथिन करतं. एरवी ते पेशीच्या आत छोट्या पिशव्यांमध्ये पडून असतं. इन्सुलिनचा निरोप आला की या पिशव्या पेशीच्या आवरणाशी येऊन मिळतात, ग्लुट-४ आवरणावर बसतं आणि साखरेला वाट मिळते.

स्थूलतेत हा निरोप वाटेत अडकतो. त्याचं एक मोठं कारण म्हणजे स्नायूपेशीत चरबीची आवक जास्त आणि खर्च कमी. न जळलेल्या चरबीपासून डायअॅसिलग्लिसेरॉल आणि सेरामाइड यांसारखी मधली रसायनं साचतात आणि इन्सुलिनच्या निरोपसाखळीत अडथळा आणतात. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग तेवढीच साखर आत ढकलायला स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं.

इथे एक बारकावा आहे. स्नायूतली चरबी मुळातच वाईट नसते. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंत स्थूल व्यक्तींइतकी, काही वेळा त्याहूनही जास्त चरबी आढळते आणि तरी त्यांचा इन्सुलिनला प्रतिसाद उत्तम असतो. फरक उलाढालीत आहे. त्यांच्याकडे चरबी रोज भरली जाते आणि रोज वापरली जाते. बैठ्या जीवनात ती साचून राहते.

दुसरं बिघडतं ते इंधन बदलण्याचं कसब. निरोगी स्नायू रात्री आणि उपाशीपोटी मुख्यतः चरबी जाळतो, जेवणानंतर साखरेकडे वळतो. स्थूलता आणि इन्सुलिन रेझिस्टन्स असलेला स्नायू दोन्हीकडे अडखळतो: उपाशी असताना पुरेशी चरबी जाळत नाही आणि जेवणानंतर पुरेशी साखर घेत नाही. पेशीतली इंधन जाळणारी केंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, यांचं एकूण सामर्थ्यही अशा स्नायूत कमी पडतं.

दुसरी वाट

सगळा लेख ज्यावर उभा आहे ती गोष्ट ही: ग्लुट-४ ला आवरणावर आणायला इन्सुलिन हा एकमेव मार्ग नाही. स्नायू आकुंचन पावला की पेशीत कॅल्शियम सुटतं, ऊर्जा खर्च होते, एएमपीके नावाचं विकर जागं होतं, आणि या संकेतांनी ग्लुट-४ इन्सुलिनची वाट न पाहता आवरणावर येतं. इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या, अगदी टाइप-२ मधुमेह असलेल्या माणसातही ही वाट शाबूत असते.

घराबाहेर पडून चालायला लागल्यावर मांडीच्या स्नायूत काय घडतं ते पाहा. पहिल्या काही सेकंदांत पेशीतली तयार ऊर्जा आणि क्रिएटिन फॉस्फेट हा झटपट ऊर्जेचा छोटा साठा वापरला जातो. लगेच ग्लायकोजेन तुटायला लागतं. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं दम लागल्यासारखं वाटतं, कारण हृदय आणि रक्तवाहिन्या मागणीशी अजून जुळलेल्या नसतात. पुढच्या मिनिटांत केशवाहिन्या उघडतात, स्नायूकडचा रक्तपुरवठा कित्येक पटींनी वाढतो, श्वास स्थिरावतो. तोवर रक्तातली साखर दुसऱ्या वाटेने आत जायला लागलेली असते. वेळ वाढत जाईल तसा चरबीचा वाटाही वाढतो. चालणं थांबल्यावर ही वाट काही तासांत बंद होते, पण रिकामा झालेला साठा भरून काढायला स्नायू आसुसलेला असतो. त्यामुळे इन्सुलिनच्या निरोपालाही तो नेहमीपेक्षा चांगला प्रतिसाद देतो. ही वाढलेली संवेदनशीलता साधारण २४ ते ४८ तास टिकते, फार तर ७२ तास.

यातून दोन व्यवहारी नियम निघतात. पहिला: सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही. रविवारी तीन तास घाम गाळून बाकीचे सहा दिवस बसून राहण्यापेक्षा एक दिवसाआड ४० मिनिटं या कामासाठी सरस. दुसरा: जो स्नायू काम करतो, फायदा त्यालाच होतो. एकाच पायाने व्यायाम करून घेतलेल्या प्रयोगांत इन्सुलिनला वाढलेला प्रतिसाद फक्त त्याच पायात दिसला. म्हणून मांड्या, नितंब, पाठ, छाती असे मोठे स्नायू कामाला लावायचे. नुसत्या पोटाच्या व्यायामाने हे साधत नाही, आणि पोटावरची चरबीही त्याने नेमकी तिथूनच उतरत नाही.

पायरी १: सुरू करण्याआधी

छातीत दाब येणं, थोड्याशा चालण्यानेही प्रमाणाबाहेर धाप लागणं, चक्कर येऊन पडणं, हृदयविकाराचा इतिहास, ताब्यात नसलेला रक्तदाब, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर किंवा पायांच्या संवेदनेवर झालेला परिणाम यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी. हे औपचारिकतेपोटी लिहिलेलं नाही. डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असताना श्वास रोखून जड वजन उचललं तर डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. पावलांना संवेदना नसेल तर फोड आलेला कळतही नाही. अशांनी रोज झोपण्यापूर्वी तळवे आरशात पाहायचे.

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर खाली घसरू शकते. आधी मोजा. ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं खाऊन मगच सुरू करा. साखर २५० च्या वर आणि लघवीत किंवा रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिन अपुरं पडल्यावर चरबीपासून तयार होणारी रसायनं, असतील तर त्या दिवशी व्यायाम नको. औषधाचा डोस बदलायचा असेल तर डॉक्टरांना विचारून, मनाने नाही.

बूट घेताना पाऊल संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात ते थोडं सुजतं. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि बुटाची रुंदीही पुरेशी हवी. जड शरीरात पाऊल पसरतं, आणि फक्त लांबी बघून घेतलेला बूट करंगळीपाशी चावतो. मांड्या एकमेकींना घासत असतील तर गुडघ्यापर्यंतची घट्ट, शिवण नसलेली आतली पँट घाला. बारीक वाटणारी ही गोष्ट. पण दुसऱ्याच आठवड्यात व्यायाम सोडायला एक घासलेली मांडी पुरते.

पहिल्या दिवशी चार नोंदी करून ठेवा: कंबरेचा घेर, सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी, ठरावीक रस्ता चालायला लागलेला वेळ आणि शेवटी असलेली नाडी, आणि ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं तो आकडा. वजनही लिहा, पण त्या यादीत ते शेवटी असू द्या.

पायरी २: पहिले चार आठवडे, फक्त चालणं

पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा १० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दहा मिनिटंही जड जात असतील तर पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे करा. स्नायूला बेरीज कळते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोनदा १५ मिनिटं. इथे आठवड्याला १५० मिनिटं पूर्ण होतात. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या १५० ते ३०० मिनिटांच्या शिफारशीची ही खालची पायरी. दोन सुट्टीचे दिवस एकापाठोपाठ येऊ द्यायचे नाहीत.

वेग किती? बोलता येतं पण गाता येत नाही, इतका. आकड्यात हवं असेल तर असं मोजा. वयाला ०.७ ने गुणून उत्तर २०८ मधून वजा करा. ही अंदाजे कमाल नाडी. त्यातून विश्रांतीची नाडी वजा करा. उरलेल्याचे ४० ते ६० टक्के काढा आणि त्यात विश्रांतीची नाडी पुन्हा मिळवा. वय ४५ आणि विश्रांतीची नाडी ७८ असेल तर कमाल १७६, फरक ९८, आणि पल्ला ११७ ते १३७. सुरुवातीला ११७ ते १२५ मध्ये राहा. बीटा-ब्लॉकर गटातलं रक्तदाबाचं औषध चालू असेल तर हे गणित लागू पडत नाही, कारण ते औषध नाडी दाबून ठेवतं. तिथे बोलण्याची कसोटीच खरी.

सावकाश का? चरबी जाळण्याचा वेग मध्यम श्रमात सर्वाधिक असतो आणि सराव नसलेल्या स्थूल व्यक्तीत तो बिंदू खालच्या वेगालाच येतो. त्याहून जोर लावला की साखर भराभर तुटते, चरबीला मायटोकॉन्ड्रियात नेणारं कार्निटिन पेशीत कमी पडतं, त्यामुळे चरबीचे रेणू आत शिरणं अवघड होतं, आणि पाय भरून येतात. शिवाय सांध्यांचाही प्रश्न आहे. गुडघ्यावर प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. याची दुसरी बाजू आशादायक आहे: गुडघेदुखी असलेल्या जड व्यक्तींमध्ये १ किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असं मोजमापात दिसलं आहे.

गुडघे चालूच देत नसतील तर पाठीला टेकू असलेली स्थिर सायकल किंवा छातीएवढ्या पाण्यात चालणं. स्नायूच्या दृष्टीने यात काही कमीपणा नाही.

पायरी ३: ताकदीचा व्यायाम

तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तास ठेवून. पाच हालचाली पुरतात: खुर्चीवरून उठणं, भिंतीला हात टेकून दंड, रबरी बँड कोपरं मागे नेत ओढणं, पाठीवर झोपून नितंब उचलणं, आणि खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं. जमिनीवर झोपणं-उठणं कठीण असेल तर नितंब उचलणं पलंगावर करा.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकी एकच सेट, ८ ते १० वेळा. दोन आठवड्यांनी दोन सेट. 'अजून दोन-तीन वेळा जमलं असतं' असं वाटतं तिथे थांबायचं. दोन्ही सेटमध्ये १५ वेळा सहज जमू लागलं की कठीण करायचं: जाड बँड, खालची खुर्ची, हातात २ किलोचे डंबेल.

खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम नीट समजून घ्या, कारण पाचांत सगळ्यात मोलाचा तोच. खुर्ची भिंतीला टेकवा, म्हणजे सरकणार नाही. बैठक गुडघ्याच्या उंचीची हवी. उठताना हातांचा आधार लागत असेल तर घट्ट घडी घातलेली चादर ठेवून ती ५ ते १० सेंटिमीटर वाढवा. पुढच्या कडेवर बसा. पावलं खांद्यांपेक्षा थोडी जास्त रुंद, चवडे किंचित बाहेर, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे. पाय रुंद ठेवायला सांगण्याचं कारण पोट: पाय जवळ असले की पुढे वाकताना पोट मांड्यांवर अडतं, धड पुढे येत नाही आणि सगळा जोर गुडघ्यांवर जातो. पाय उघडले की पोटाला मध्ये जागा मिळते. नाक चवड्यांच्या रेषेत येईपर्यंत पुढे झुका, टाचांनी जमीन दाबत उठा, उठताना श्वास सोडा. उतरताना मनात तीन मोजा. शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसू नका. स्नायूला खरं काम तिथेच पडतं. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला ठेवा. श्वास रोखला तर रक्तदाब एकदम उसळतो, म्हणून मोठ्याने आकडे मोजत उठलात तर उत्तम. बोलताना श्वास रोखता येत नाही.

ताकदीच्या व्यायामाबद्दल 'स्नायू वाढला की झोपेतही भरपूर कॅलरी जळतात' असं सर्रास सांगितलं जातं. आकडे वेगळं सांगतात. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी वापरतो, एक किलो चरबी सुमारे ४.५. दोन किलो स्नायू कमावला तरी रोजचा वाढीव खर्च २६ किलोकॅलरी. स्नायू हवा तो साखरेच्या कोठारासाठी. शरीरातल्या स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं, यकृतात सुमारे १००. कोठार मोठं आणि रोज थोडं रिकामं होणारं असेल तर जेवणानंतरच्या साखरेला जागा मिळते.

वजन वेगाने कमी करणाऱ्यांसाठी, म्हणजे कडक आहार, वजन घटवणारी इंजेक्शनं किंवा शस्त्रक्रिया असलेल्यांसाठी, ही पायरी ऐच्छिक नाही. नुसत्या आहाराने उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीविरहित असतो, आणि त्यात स्नायूही जातो. ताकदीचा व्यायाम हे नुकसान बरंच रोखतो.

पायरी ४: पाचव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत

चालण्याची वेळ दर आठवड्याला साधारण १० टक्क्यांनी वाढवा. वेळ आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. आठवड्याला २०० ते २५० मिनिटांपर्यंत पोचलात की वजन टिकवण्यासाठीही त्याचा उपयोग व्हायला लागतो.

याच काळात मायटोकॉन्ड्रिया वाढतात. सरावाने स्नायूची इंधन जाळण्याची क्षमता वाढते हे संशोधक जॉन होलोझी यांनी १९६७ साली दाखवलं: धावण्याचा सराव दिलेल्या उंदरांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियातल्या विकरांची क्षमता जवळपास दुप्पट झाली होती. माणसात पहिल्या दोन आठवड्यांतच विकरं वाढायला लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांत फरक स्पष्ट मोजता येतो. केशवाहिन्यांचं जाळंही दाट होतं. व्यवहारात हे कसं जाणवतं? पूर्वी ज्या चढावर थांबावं लागायचं तो चढ बोलत-बोलत पार होतो.

नवव्या आठवड्यापासून, डॉक्टरांची हरकत नसेल तर, आठवड्यातून एक-दोनदा वेगाचे तुकडे घाला. पाच मिनिटं सावकाश चालून झाल्यावर १ मिनिट झपाट्याने, २ मिनिटं सावकाश, असं चार वेळा; पुढे सहा वेळा. वेळ कमी असलेल्यांना हे सोयीचं. पण इन्सुलिनच्या प्रतिसादासाठी हे केलंच पाहिजे असं नाही. मध्यम चालीनेही तिथे पोचता येतं. मधुमेह असलेल्यांनी घाबरू नये अशी एक गोष्ट: जोरदार व्यायामानंतर साखर काही वेळ वाढलेली दिसू शकते, कारण अॅड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं. थोड्या वेळाने ती खाली येते.

उरलेले तेवीस तास

सकाळी तासभर चालून दिवसभर खुर्चीत बसलं तर काही फायदा हातचा जातो. दर अर्ध्या तासाला उठून दोन-तीन मिनिटं फिरा. फोनवर बोलताना उभं राहा. जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाललं की साखरेचा चढाव कमी राहतो, कारण ती रक्तात येत असतानाच दुसरी वाट उघडलेली असते. दिवसातलं एकच चालणं जमत असेल तर ते सगळ्यात मोठ्या जेवणानंतर ठेवा. निरोगी तरुणांनी रोजची पावलं दहा हजारांवरून दीड हजारांच्या आसपास आणली तेव्हा दोनच आठवड्यांत त्यांचा इन्सुलिनला प्रतिसाद घटला होता. स्थूल शरीराला तर एवढीही सूट नसते.

खाण्याबद्दल, मोजकंच

व्यायाम संपल्यासंपल्या गोड पेय घेऊ नका. एका ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० किलोकॅलरी असतात. अर्ध्या तासाचा सगळा खर्च तिथेच भरून निघतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे स्नायूची भूक लगेच भागते आणि पुढच्या दिवसाची वाढीव संवेदनशीलता कमी होते. पाणी प्या.

प्रथिनं पुरेशी हवीत: उंचीला साजेशा वजनाच्या दर किलोला सुमारे १.२ ग्रॅम. प्रत्यक्ष वजनाने गुणलं तर आकडा उगाच फुगतो. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर संदर्भ वजन ६८ किलो धरा. म्हणजे दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास, तीन जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

सी आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या व्यायामासोबत घेऊ नका. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांमध्ये व्यायामाने इन्सुलिनच्या प्रतिसादात व्हायला हवी ती सुधारणा दिसली नाही. व्यायामात तयार होणारे ऑक्सिडीकारक रेणू स्नायूला बदलण्याचा संकेत देतात, आणि गोळ्या तो संकेतच पुसतात. फळं-भाज्यांना ही अडचण नाही.

उपाशीपोटी चालल्याने त्या वेळी चरबी जास्त जळते, हे खरं. पण ज्यांना त्याने चक्कर येते किंवा ज्यांची औषधं साखर उतरवतात त्यांनी त्या मागे लागू नये.

कुठे चुकतं

पहिल्याच दिवशी जास्त करणं, ही सगळ्यात महाग चूक. पन्नास उठाबशा काढल्या, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. २४ ते ७२ तास राहणारं हे दुखणं उतरत्या हालचालीने, म्हणजे स्नायू ताणला जात असताना जोर लावल्याने होतं. अशा इजा झालेल्या स्नायूत ग्लुट-४ तात्पुरतं कमी होतं आणि एक-दोन दिवस इन्सुलिनला प्रतिसाद उलट मंदावतो. ज्यासाठी व्यायाम केला त्याच्या नेमकं उलट. थोडं अंग दुखणं ठीक; पण स्नायू सुजले, विलक्षण दुखू लागले आणि लघवी गडद तपकिरी झाली तर थेट रुग्णालयात जा. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आल्याचं ते लक्षण असू शकतं.

दुसरी चूक, पोटऱ्या किंवा नडग्या दुखतात म्हणून चालणंच बंद करणं. बहुतेक वेळा वेग एकदम वाढवलेला असतो किंवा रस्ता उताराचा असतो. सपाट रस्ता धरा आणि पहिली पाच मिनिटं अगदी संथ ठेवा. मात्र एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर रक्ताची गुठळी नाही ना, हे त्याच दिवशी तपासून घ्या.

व्यायामात छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, अनियमित धडधड यांपैकी काही आलं तर थांबा आणि मदत मागा. 'एवढी फेरी पूर्ण करतो' हा विचार मनात आणू नका.

उन्हात जाड शरीरातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. वेळ बदला किंवा घरातल्या घरात फेऱ्या मारा.

फरक कसा मोजायचा

पहिल्या दिवशीच्या नोंदी दर चार आठवड्यांनी पुन्हा करा. क्रम साधारण असा असतो: दोन-तीन आठवड्यांत त्याच रस्त्यावर, त्याच वेळात शेवटची नाडी कमी भरते, सहा ते आठ आठवड्यांत खुर्चीवरून उठण्याचा आकडा वाढतो, मग कंबर. वजन न बदलताही पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी कमी होऊ शकते, म्हणून कंबर काट्यापेक्षा आधी बोलते. टेप नेहमी एकाच जागी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर लावा.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी तपासणी बारा आठवड्यांनी करा, त्याआधी नाही. उपाशीपोटीची साखर किंवा इन्सुलिन तपासणार असाल तर शेवटच्या व्यायामानंतर किती तास झाले ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तितकंच अंतर ठेवा. नाहीतर एकदा व्यायामाच्या दुसऱ्या दिवशीची आणि एकदा चार दिवसांच्या खंडानंतरची साखर शेजारी ठेवून भलताच निष्कर्ष निघतो.

खंड पडला तर

आजारपण, प्रवास, कामाचा रेटा, खंड पडणारच. इन्सुलिनचा वाढलेला प्रतिसाद काही दिवसांत ओसरतो. मायटोकॉन्ड्रियातली प्रथिनं त्याहून सावकाश, काही आठवड्यांत उतरतात. ताकद सगळ्यात चिवट. महिनाभराच्या खंडानंतरही बरीचशी शिल्लक असते. म्हणून परत सुरू करताना पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करायची गरज नाही. एक आठवडा गेला असेल तर होतात तिथूनच, फक्त पहिले दोन दिवस निम्मा वेळ. दोन ते चार आठवडे गेले असतील तर निम्म्या मिनिटांवर आणि एका सेटवर या आणि दोन आठवड्यांत पूर्ववत व्हा. तापातून उठला असाल तर ताप उतरल्यावर किमान दोन दिवस थांबा. आणि खंडाच्या काळातही जेवणानंतरची दहा मिनिटं जमत असतील तर तेवढी चालू ठेवा. साखरेची दुसरी वाट त्या दहा मिनिटांतही उघडते.